ईबेवर दागिना लिलावाला लावताना वर्णन कसं लिहावं?

प्रश्न: मी लेस्टरला राहते. आजीची सोन्याची ठुशी आणि मोत्यांची नथ ईबेवर लिलावाला लावली होती. शीर्षक दिलं होतं 'अप्रतिम पारंपरिक महाराष्ट्रीयन ठुशी, आजीचा वारसा'. नथीचंही तसंच. एकही बोली आली नाही. कुठे कमी पडलं?

उत्तर: शीर्षकातच. शोधताना 'अप्रतिम' कुणी टाइप करत नाही, आणि आजी तुमची, गिऱ्हाइकाची नव्हे. ईबे शीर्षकाला ८० अक्षरं देतं, त्यातलं एकही विशेषणावर घालवू नका. मी असं लिहीन (अर्थात इंग्रजीत): 'इंडियन गोल्ड चोकर नेकलेस ठुशी २२ कॅरेट बीड्स ॲडजस्टेबल कॉर्ड', आणि शेवटी वजन. 'ठुशी' राहू द्या. इंग्लंडातली मराठी माणसं तोच शब्द शोधतात, बाकीचे 'चोकर'वरून येतील.

खाली वर्णनात, दागिना हातात घेतल्यावर बाई जे विचारेल ते सगळं आधीच सांगून टाका. वजन दोरी-गोंड्यासकट आहे की फक्त मण्यांचं? मणी भरीव की पोकळ? आत लाख आहे का? कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत लाख भरलेली असते; ते सगळं वजन सोन्याचं म्हणून लिहिलंत तर माल परत आलाच समजा. दोरी पूर्ण आवळल्यावर किती इंच, सैल सोडल्यावर किती, हेही द्या. नथ चापाची की टोचलेल्या नाकाची, हे तर पहिल्याच ओळीत हवं. मोती तपासून घेतले नसतील तर सरळ 'तपासलेले नाहीत' म्हणा. लाल खड्याला माणिक म्हणायची घाई नको. आणि शंभर वर्षं झाली नसतील तर 'अँटिक' लिहू नका, जाणकार तिथेच पान बंद करतो.

फोटोंत एक फासा-चापाचा, एक मागच्या बाजूचा, एक नथ नाण्याशेजारी ठेवून. झिजलेला मणी लपवू नका, त्याचाच जवळून फोटो द्या.

आता हॉलमार्क. ब्रिटनमधल्या १९७३ च्या कायद्यानुसार धंदा म्हणून विकणाऱ्याला १ ग्रॅमपेक्षा जड वस्तू हॉलमार्कशिवाय 'सोन्याची' म्हणता येत नाही (चांदीला ही मर्यादा ७.७८ ग्रॅम). भारतातला बीआयएसचा शिक्का तिथे धरत नाहीत. १९५० पूर्वीच्या दागिन्याला सवलत आहे, पण काळ आणि शुद्धता दोन्ही दाखवता आली पाहिजेत. तुम्ही घरातली वस्तू विकताय, धंदा करत नाही, तरी गिऱ्हाईक शिक्का शोधणारच. बर्मिंगहॅमचं ॲसे ऑफिस (सोनं तपासून हॉलमार्क मारणारी संस्था), जहाजाच्या नांगराच्या शिक्क्याचं, तुम्हाला जवळ आहे.

किमतीबद्दल माझं मत जरा रोखठोक आहे. ठुशीवर बोली लावणारे बहुतेक मोडीचे व्यापारी असतील. सोन्याचं वजन गुणिले ०.९१६ (२२ कॅरेटची शुद्धता) गुणिले त्या दिवसाचा शुद्ध सोन्याचा भाव, हा हिशेब करून ते त्याच्याही खाली थांबतात. घडणावळ कुणी देत नाही. म्हणून ९९ पेन्सपासून सुरुवात करू नका. मोडीच्या भावाच्या आसपास किमान बोली ठेवा, नाहीतर ठुशी थेट सराफाला दाखवा. नथीचं वेगळं आहे. तिच्यात सोनं थोडं आणि नक्षी जास्त, ती लिलावातच शोभते. सात दिवसांचा लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावा.