‘सगळे परवाने रद्द करा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

तुमची पोस्ट वाचली आणि २०२४ मधला मीच आठवलो. गावच्या ग्रुपवर ‘जिल्ह्यातले बंदुकीचे सगळे परवाने रद्द करा’ असा मेसेज फिरतोय, खाली अंगठ्यांची रांग लागलीय, आणि तुमच्या घरात वडिलांच्या पश्चात तुमच्या नावावर झालेली बारा बोअरची एकनळी बंदूक, फक्त शेतीसाठी. राग येणारच. पण कृपा करून आज रात्री तिथं काही टाईप करू नका.

वारसनोंद, नूतनीकरणाचा फॉर्म, युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

मी सिंधुदुर्गातला, काजू-आंब्याची बाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आतच आमदाराच्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या आणि आठवडाभरात दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्हवर खून झाला. आमच्याकडे शांतता समितीची बैठक होती, त्यात एक निवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, लोकांना घरात बंदुका हव्यातच कशाला? मी ताडकन उठलो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून बघून जे पाठ झालं होतं तेच बोललो, बंदूक कुणाला मारत नाही माणूस मारतो, हा माझा हक्क आहे, आणि परवानावाले असलं काही करत नाहीत. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग दहिसरचं पिस्तूल परवान्याचं नव्हतं का?" होतं. मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. उल्हासनगरचंही परवान्याचंच. उत्तर सुचेना म्हणून मी आवाज चढवला.

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. त्याच वर्षी नूतनीकरण होतं आणि फाईल एका कचेरीत (नाव घेत नाही) अडकली ती १४ महिने. टेबलावरचा माणूस दर वेळी एकच सांगायचा, "अहवाल आलेला नाही", कुठून यायचाय ते सांगायचा नाही, साहेब दौऱ्यावर, सोमवारी या, सोमवारी गेलं की टेबलावर दुसराच माणूस. शेवटी माहिती अधिकारात कागद काढले तर अहवाल सात महिन्यांपूर्वीच त्याच टेबलावर आलेला, आवकचा शिक्का, तारीख, सगळं, आणि खाली निळ्या शाईत हातानं लिहिलेली एक ओळ, ‘अर्जदार सार्वजनिक बैठकीत उत्तेजित होऊन बोलतात.’ सात महिने मला बघून तो माणूस नाही म्हणत होता! मी पहिल्याच महिन्यात लेखी उत्तर मागायला हवं होतं. नाकारायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं, शस्त्र कायद्याचं कलम १४, आणि त्यावर कलम १८ खाली अपील होतं. तोंडी ‘बघू’वर कुठलं अपील करणार? (मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात वकिलाला विचाराच.)

तोवर बंदूक ठाण्यात. लोकसभेच्या आचारसंहितेत जमा केली होती, ती नूतनीकरण होईपर्यंत सुटलीच नाही. म्हणजे काजूचे दोन हंगाम गेले. आधी हवेत एक बार काढला की वानरांची टोळी दिवसभर फिरकायची नाही, त्या दोन वर्षी आई पहाटेपासून पत्र्याचा डबा बडवत बागेत बसायची.

आता लोकांना काय सांगायचं ते. माझं मत आहे, पटलं तर घ्या. ‘हक्क’ हा शब्द पहिल्यांदा सोडून द्या. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क होता, पण १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो घटनेत घालायची सूचना मांडली तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो एकत्र जमण्याबद्दल, तोही ‘विनाशस्त्र’. अमेरिकेतलं वाक्य इथं आणलं की आपण खोटे पडतो.

दुसरं, समोरच्याची भीती खरी आहे हे आधी मान्य करा. सरपंच संतोष देशमुखांच्या खुनानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेवर परवाने असल्याचं बाहेर आलं, हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ लोकांनी बघितले, आणि छाननीत शंभरावर परवाने रद्द झाले. ते व्हायलाच हवे होते. लग्नात बार काढणारा आणि कमरेला पिस्तूल लावून डीपी ठेवणारा हा आपला माणूस नाही, त्याचा परवाना काढून घ्या ही मागणी आपणच सगळ्यात आधी करायला हवी, मी आता करतो. त्यानंतर शांतपणे सांगा की सरसकट नको, एकेक फाईल तपासा, गरज बघा. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे, म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्यालाच मान्य आहे.

कारणं घेऊन गेलं की ऐकलं जातं. याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आधी माणशी एकच बंदूक असा प्रस्ताव होता, नेमबाज आणि वडिलोपार्जित हत्यारं असलेल्या लोकांनी आपापल्या अडचणी मांडल्या आणि शेवटी कायद्यात दोन आल्या.

त्या बाईंकडे मी नंतर गेलो. बंदूक कुठं ठेवतो, किल्ली कुणाकडे असते, काडतुसं वेगळ्या कपाटात कशी, सगळं सांगितलं. त्यांचं मत बदललं नाही, पण पुढच्या बैठकीत त्यांनीच शेतीवाल्यांचं वेगळं बघा म्हणून सांगितलं.

आणि एक, निवडणुकीत सगळ्यांची सरसकट जमा करायची नसते, छाननी करून ठरवायचं असतं, हे नोटीस आली की लेखी विचारा. जमा करावीच लागली तर नळीला आतून तेल देऊन, उजेडात फोटो काढून द्या, आणि पावतीवर नंबरासोबत ‘सुस्थितीत’ लिहून घ्या. माझ्या पावतीवर ते नव्हतं, परत मिळाली तेव्हा नळी आतून तांबूस झाली होती आणि घोडा अडकत होता, कारागिराचा खर्च मलाच आला.