चतुराच्या पंखावरचा ठिपका

नमस्कार,

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे, दिवसभर पानं नि किडे काढत बसते आणि निसर्गाशी जोडलेलं डिझाईनच शिकायचं म्हणते. त्यासाठी जीवशास्त्र सोडायलाही निघाली आहे. 'यावर पोट भरेल का?' असं तुम्ही विचारलंय.

आधी तिच्या वहीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या पानांपैकी चतुराच्या चित्रापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. हात चांगला आहे, रेघ डळमळत नाही. पण पंखभर एकसारखी जाळी काढलीय. खऱ्या पंखात पुढच्या कडेला जाड शिरा आणि चौकोनी घरं असतात; मागे जावं तशी ती नाजूक, पाच-सहा बाजूंची होतात. टोकाजवळचा गडद ठिपका तिने चारपैकी दोनच पंखांवर दाखवलाय, बहुधा नक्षी समजून. तो ठिपका म्हणजे वजन आहे. चतुर तरंगत जाताना पंख थरथरू नये, याची ती सोय.

म्हणून जीवशास्त्र सोडू देऊ नका. वास्तुकार-डिझायनर नेरी ऑक्समन यांच्या गटाने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात रेशमाचा घुमट उभारला. यंत्राने धाग्यांचा सांगाडा केला, त्यावर ६,५०० रेशीमकिडे सोडले आणि उरलेलं काम किड्यांनी केलं. किडे काळोख्या, दाट भागाकडे सरकतात, हे त्या गटाला ठाऊक होतं. (ऑक्समनही वास्तुकलेआधी काही काळ वैद्यकीय शिकत होत्या. मुलीला सांगा, तुम्हालाही जरा बरं वाटेल.)

आता पोटाचं. कलादालनांसाठी मांडणशिल्पं करणाऱ्यांची कमाई बेभरवशाची असते. बरेच जण शिकवून नाहीतर इतर कामं घेऊन भागवतात. प्रॉडक्ट, टेक्स्टाइल, संग्रहालयांची प्रदर्शनं इथे काम जास्त नियमित. मात्र 'निसर्गप्रेरित डिझायनर पाहिजे' अशी जाहिरात सहसा दिसणार नाही. जपानच्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, नाक खंड्याच्या चोचीवरून सुचलं, बोगद्यातून बाहेर पडताना होणारा धडाम आवाज कमी करण्यासाठी. ते सुचलेले एइजी नाकात्सू रेल्वेचे इंजिनिअर; पक्षीनिरीक्षण हा त्यांचा छंद. तेव्हा पदवी प्रॉडक्ट किंवा टेक्स्टाइलची घेऊ दे, किडे सोबत येतीलच.

पोर्टफोलिओत कच्ची पानं आणि फसलेले प्रयोगही हवेत. फुलपाखराची नक्षी उशीच्या अभ्र्यावर उतरवलेले पोर्टफोलिओ मी इतके पाहिलेत, की आता थेट पुढचं पान उलटतो.

तिला चतुराचा गळून पडलेला एखादा पंख शोधू दे आणि भिंगाखाली धरून पुन्हा काढू दे. मग पातळ कागदाचे दोन पंख कापायचे, एकाच्या टोकाशी मेणाचा थेंब लावायचा, दुसरा तसाच, आणि दोन्ही वरून सोडून बघायचे. फरक दिसला नाही तरी तसं वहीत लिहायचं. ते पान मला पाठवा.