सकाळी गाडी उभी किती वेळ तापवावी?

प्रश्न : आमच्याकडे २०२१ सालची पेट्रोल मोटार आहे. माझे महाविद्यालय घरापासून तीनेक किलोमीटरवर असून हिवाळ्यात मला सकाळी पावणेसातलाच निघावे लागते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, अनेक वर्षे प्रीमियर पद्मिनी चालवली आहे. गाडी पोर्चमध्ये दहा मिनिटे चालू ठेवून, मधूनमधून रेस दिल्याशिवाय ते ती बाहेर काढू देत नाहीत. नव्या गाडीला याची काहीच गरज नाही, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. धुळ्याच्या थंडीत नेमके काय करावे?
– एक प्राध्यापिका, देवपूर, धुळे

उत्तर : नानांनी ज्या गाडीवर हात बसवला, त्या गाडीसाठी त्यांचा नियम योग्यच होता. पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल कार्बोरेटरमधून, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या यंत्रातून, मिळत असे आणि इंजिन थंड आहे की गरम, हे कार्बोरेटरला कळण्याची सोय नव्हती. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्याचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात आणि सिलिंडरपर्यंत पोचणारे मिश्रण फिके पडते. म्हणून चालकाने चोक ओढून हवा कमी करायची, इंजिन सावरले की तो हळूहळू आत सारायचा, आणि घाई केली तर गाडी पहिल्याच चौकात बंद पडून मागच्यांचे हॉर्न ऐकायचे, असा तो सगळा कारभार होता. दहा मिनिटे थांबणे हा त्यावरचा व्यवहारी उपाय होता.

२००० सालच्या आसपास आपल्याकडे इंधन इंजेक्शनच्या गाड्या रूढ झाल्या आणि चोकचे काम संगणकाकडे गेले. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या थंडाव्याच्या द्रवात, बसवलेला तापमानाचा सेन्सर इंजिन किती थंड आहे ते सांगतो, त्याप्रमाणे संगणक पेट्रोल वाढवतो आणि इंजिन तापत जाईल तसे ते कमी करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक निकषांमुळे हे नियंत्रण आणखी काटेकोर झाले आहे. आपली गाडी त्यानंतरची असल्यामुळे ती अगदी गारठलेल्या सकाळीही सुरू झाल्या क्षणापासून चालवण्याजोगी असते.

राहिला प्रश्न ऑइलचा, आणि नानांच्या आग्रहात आजही जो तथ्यांश आहे तो इथे आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल तळाच्या टाकीत उतरलेले असते. ते थंडीने घट्ट झालेले असल्यामुळे वरच्या भागांपर्यंत चढायला त्याला थोडा अवकाश लागतो. पण हा अवकाश काही सेकंदांचा आहे, मिनिटांचा नाही. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि अंगावर दोन स्वेटर घालणाऱ्या माणसाला ती थंडी कडक वाटणे साहजिकच आहे. ऑइलला मात्र ती तशी वाटत नाही. डब्यावर छापलेल्या ग्रेडमध्ये डब्ल्यू या अक्षराआधीचा आकडा ऑइलचे थंडीतले वागणे सांगतो. त्याच्या प्रमाणित चाचण्या ५ डब्ल्यूसाठी उणे ३० आणि २० डब्ल्यूसाठी उणे १५ अंश सेल्सिअसला घेतल्या जातात. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, यावरून खऱ्या अडचणीची थंडी कोणती ते लक्षात येईल. खानदेशात ती पडत नाही.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवल्याने ते लवकर तापते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, इंधन थोडे जळते आणि उष्णताही थोडीच निर्माण होते. त्यामुळे दहा मिनिटांनंतरही इंजिन अर्धवटच तापलेले असते, आणि एवढा सगळा वेळ संगणक त्याला जास्तीचे पेट्रोल पाजत असतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली झिरपून टाकीतले ऑइल पातळ करते. म्हणजे झीज टाळण्यासाठी केलेला उपायच झिजेला हातभार लावतो. शिवाय धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि उभ्या गाडीत तो फार सावकाश तापतो. गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगे आणि टायर तर गाडी हलल्याशिवाय तापतच नाहीत.

मधूनमधून रेस देण्याची सवय मात्र नानांना गोडीगुलाबीने सोडायला लावावी, कारण या सगळ्यात खरे नुकसान करणारी गोष्ट तीच आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर फुगून आपल्या मापात बसतो; थंड असताना तो सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो, ऑइलही अजून घट्ट असते, आणि अशा अवस्थेत इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर नेणे हे झोपेतून उठलेल्या माणसाला तडक शर्यतीत पळवण्यासारखे आहे.

मग करायचे काय? गाडी सुरू करून आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याकडे पाहावे. थंड इंजिन सुरू होताच काटा हजार-बाराशेच्या वर जातो आणि थोड्या वेळाने आपोआप खाली येऊ लागतो. सीटबेल्ट लावणे, आरसे पाहणे आणि काचेवरचे दव पुसणे यात अर्धा मिनिट सहज जाते, तेवढे पुरे आहे. काटा पूर्ण खाली येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुढचे तीन-चार किलोमीटर मात्र गाडी हलक्या पायाने चालवावी, फेऱ्या दोन-अडीच हजारांच्या आत ठेवाव्यात आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबू नये. मालेगावकडे निघाला असाल तर पांझरेचा पूल ओलांडून शहराबाहेर पडेपर्यंत इंजिन बऱ्यापैकी तापलेले असते आणि लळिंगचा घाट निर्धास्तपणे चढता येतो. डॅशबोर्डवर थंड इंजिनाचा निळा दिवा असेल, तर तो विझेपर्यंत जोर लावू नये, इतके साधे गणित आहे.

आपल्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते. सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी दिसणारी पांढरी वाफ आणि टपटपणारे थेंब हेच ते पाणी. इंजिन पूर्ण तापले की ते वाफ होऊन निघून जाते. तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापते न तापते तोच बंद होते, त्यामुळे ओलावा सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचत राहतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी शिरपूरपर्यंत किंवा निदान पंचवीस-तीस किलोमीटर सलग चालवावी. ऑइल बदलताना नुसत्या किलोमीटरच्या आकड्यावर न जाता पुस्तिकेत दिलेली महिन्यांची मुदतही पाळावी.

आणखी एक. पोर्च बंदिस्त असेल किंवा घराची खिडकी त्यात उघडत असेल, तर तिथे गाडी दहा मिनिटे चालू ठेवणे धोक्याचे आहे. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला ना रंग ना वास, आणि बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. नानांना बाकीचे काही पटले नाही, तरी एवढे तरी जरूर पटवून द्यावे.

प्रश्न : माझ्याकडे केळी वाहण्यासाठी बीएस-६ डिझेल पिकअप आणि एक जुना ट्रॅक्टर आहे. चालक पहाटे पिकअप सुरू करून ठेवतो आणि घड भरून होईपर्यंत ती चालूच असते. डिझेल गाडीला हे लागतेच, असे तो म्हणतो. खरे आहे का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : डिझेल इंजिन उभ्याने पेट्रोलपेक्षाही सावकाश तापते, त्यामुळे चालकाचा हेतू चांगला असला तरी त्यातून डिझेल जळण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. चावी फिरवल्यावर हीटर प्लगचा दिवा विझू द्यावा, मग स्टार्टर मारावा, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि निघावे. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगला ऑइल पोचायला तेवढा वेळ पुरतो. आपल्या पिकअपला काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर तासभर उभ्याने इंजिन चालवणे त्याला विशेष बाधते. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, तो रिकाम्या फेऱ्यांवर तापत नाही, आणि मग फिल्टरचा दिवा लागून वर्कशॉपची वारी ठरलेली. घड भरेपर्यंत इंजिन बंदच ठेवावे. थांबण्याची खरी गरज उलट वेळी असते : चाळीसगावहून भरल्या गाडीने कन्नडचा घाट चढून वर गेल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे लाल झालेला टर्बो निवतो.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असते. ते पुष्कळ असते आणि गारठ्यात चांगलेच घट्ट होते. सुरू केल्यावर दोन-चार मिनिटे मध्यम फेऱ्यांवर चालू द्यावा, रोटाव्हेटर एक-दोनदा सावकाश उचलून खाली ठेवावा आणि मगच पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, जोडून तो जमिनीत घालावा.

प्रश्न : माझी सीएनजी गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते आणि बऱ्याच वेळाने गॅसवर जाते. उन्हाळ्यात इतका वेळ लागत नव्हता. हा बिघाड आहे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. टाकीतला गॅस सुमारे २०० बार दाबाखाली असतो आणि रेग्युलेटरमध्ये तो दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते, आणि ते ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत बहुतेक गाड्या पेट्रोलवरच चालतात. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या जळगावात कूलंट मुळातच कोमट असते, म्हणून हा बदल झटकन होतो. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या काही नव्या गाड्या आता मिळतात. आपली तशी नसेल, तर टाकीत थोडे पेट्रोल कायम ठेवावे. मात्र दहा-बारा किलोमीटर चालवूनही गाडी गॅसवर जात नसेल आणि तापमानाचा काटाही मधल्या खुणेपर्यंत चढत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकला असण्याची शक्यता आहे, तो मेकॅनिककडून तपासून घ्यावा.