तो प्रश्न आपल्याला विचारायलाच नको होता

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये माझे वडील करोनाने तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात दाखल होते. वय 74, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे जुने दुखणे. बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावूनही ऑक्सिजनची पातळी 80 च्या वर जात नव्हती. रात्री दीडच्या सुमारास तेथील डॉक्टरांचा फोन आला, ‘एकच व्हेंटिलेटर मोकळा झाला आहे. दोन लहान मुले असलेली 36 वर्षांची एक बाईसुद्धा अत्यवस्थ आहे. काय करायचे ते तुम्हीच सांगा.’ मी म्हणालो, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा गेले. आईला आणि धाकट्या बहिणीला या फोनविषयी मी आजवर काही बोललेलो नाही. अण्णांच्या वाट्याचा श्वास मी दुसऱ्याला देऊन टाकला का? आणि हे घरी सांगावे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते आपल्या समाधानासाठी दिलेले नाही. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ‘रुग्ण शुद्धीवर असता तर त्याने काय मागितले असते?’ त्याचे उत्तर घरच्यांपाशीच असते. दोन रुग्णांपैकी यंत्र कोणाला द्यायचे, हा प्रश्न मात्र पूर्णपणे वेगळा आहे. दुसऱ्या रुग्णाविषयी आपल्याला काहीही माहीत नव्हते, माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि स्वतःच्या वडिलांविरुद्ध कौल देण्याचा भार कोणत्याही मुलावर टाकता येत नाही. आपल्याला त्या रात्री हा दुसरा प्रश्न विचारला गेला. आपण तो डॉक्टरांकडे परत सोपवलात, आणि तेच योग्य होते.

त्या डॉक्टरांनाही मी सहज दोष देणार नाही. 18 एप्रिल 2021 रोजी महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले होते. अशा दिवसांत रात्री दीड वाजता एकट्याने निवड करणे माणसाला पेलत नाही आणि तो आधारासाठी हाताशी असेल त्याला हाक मारतो. म्हणूनच निवड करणारा आणि खाटेपाशी उपचार करणारा हे दोघे वेगळे असावेत, असे या विषयावर विचार करणारे सांगत आले आहेत. मुंबईत महापालिकेने 24 विभागांत वॉर रूम उभारून खाटांचे वाटप तेथून सुरू केले, त्याचा मला दिसलेला मोठा फायदा हाच, की निदान खाटेपुरता तरी हा भार एका डॉक्टरच्या आणि एका नातेवाइकाच्या माथी राहिला नाही. तालुक्याच्या गावात असा आधार क्वचितच होता.

फोनवरील एका वाक्यावर मात्र थांबले पाहिजे : ‘दोन लहान मुले असलेली’. ही माहिती आपल्याला द्यायला नको होती. अमेरिकेतील सिएटल येथे 1960 च्या दशकाच्या आरंभी डायलिसिसची यंत्रे अगदी मोजकी होती आणि ती कोणाला मिळावीत हे ठरवण्यासाठी सात जणांची एक समिती होती. उमेदवार विवाहित आहे का, त्याला मुले किती, मिळकत किती, तो चर्चला जातो का, असे सारे ती पाहत असे. 1962 मध्ये हे लोकांसमोर आल्यावर मोठी टीका झाली, कारण एकट्या, गरीब किंवा चारचौघांपेक्षा वेगळ्या माणसाचा जीव त्या हिशेबात आपोआप स्वस्त होत होता. मुले असलेल्या आईविषयी आपल्या सर्वांच्याच पोटात कालवते, पण यंत्राचे वाटप त्यावर ठरू लागले तर निपुत्रिक बाईने कोठे जावे?

वयाचे काय, हे अधिक अवघड आहे. इटलीतील भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने मार्च 2020 मधील आपल्या सूचनांत, वेळच आली तर वयाची मर्यादा घालावी लागू शकेल असे लिहिले आणि त्यावर वाद पेटला. माझे मत असे, की केवळ वय पाहून कोणाला बाजूला काढू नये. या उपचाराने हा रुग्ण वाचण्याची शक्यता किती, हे पाहावे. त्यासाठी सोफा नावाची गुणपद्धती अनेक ठिकाणी सुचवली गेली. फुप्फुसे, हृदय, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू आणि रक्त गोठण्याची क्रिया या सहांना प्रत्येकी 0 ते 4 असे गुण द्यायचे, म्हणजे बेरीज 24 पर्यंत जाते. बेरीज जितकी जास्त, तितका धोका मोठा. ही पद्धत यंत्रे वाटण्यासाठी बनवलेली नव्हती. ज्याला आयुष्यभर नीट उपचार मिळाले नाहीत आणि म्हणून ज्याची मूत्रपिंडे आधीच खराब झाली, त्याचे गुण साथीपूर्वीच चढलेले असतात, ही तिच्यातील मोठी उणीव. तरीही अण्णांचे वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार एकत्र धरता, घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावल्यावरही ते वाचण्याची शक्यता फार थोडी होती, हे मला आपल्यापासून लपवता येत नाही. त्या काळात नळी घालावी लागलेल्या सत्तरीपुढील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जगभर फार मोठे होते. श्वास ‘वाट्याला’ आलेला होता आणि तो आपण देऊन टाकला, हे चित्र मुळातच खरे नाही.

व्हेंटिलेटर न मिळालेला रुग्ण उपचारांतून सुटत नाही. धाप असह्य झाली तर मॉर्फिनने ती सुसह्य करता येते, कोणीतरी हात धरून बसू शकते, घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून देता येतो. अण्णांना यातले काय मिळाले, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि माझ्या मते यंत्राच्या प्रश्नापेक्षा तो अधिक आपला आहे. रुग्णाची कागदपत्रे 3 वर्षे जपण्याचे आणि मागितल्यास 72 तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. ती मुदत आता उलटली असली, तरी जाऊन विचारा. अनेक ठिकाणी जुन्या फायली असतात, आणि त्या रात्रीच्या सिस्टर भेटल्या तर कागदापेक्षा त्या अधिक सांगू शकतील.

आता घरी सांगण्याविषयी. सांगा, पण ‘मी अण्णांना जाऊ दिले’ अशी सुरुवात करू नका, कारण ते घडलेले नाही. फोन केव्हा आला, डॉक्टर काय म्हणाले, आपण काय म्हणालात, एवढेच त्याच क्रमाने सांगा. प्रथम बहिणीशी बोला आणि मग दोघे मिळून आईपाशी बसा. आई रागावण्याची शक्यता आहे. तसे झाले तर स्वतःची बाजू मांडण्याची घाई करू नका. त्या रात्री अण्णांजवळ आपल्यापैकी कोणीच असू शकले नाही, याचे दुःख त्यांनाही इतकी वर्षे एकट्याने वागवावे लागले असेल.