अमेरिकेत, अर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलला येताय? मग एचआरला हे आधी विचारा

तुमची थायरॉइडची आणि यजमानांची मधुमेहाची गोळी इथे इन्शुरन्सवर कशी मिळेल, असं विचारलंत. तीन महिन्यांचा साठा मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. पुण्याची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही, म्हणून आल्या आल्या डॉक्टर गाठा. एवढं सोपं.

खरी मेख पुढे आहे. इन्शुरन्स आणि औषधाचं दुकान यांच्यामध्ये पीबीएम (फार्मसी बेनिफिट मॅनेजर) नावाचा अडत्या बसलाय. कुठलं औषध यादीत, तुम्ही किती भरायचं, दुकानाला किती मिळणार, सगळं त्याच्या हातात. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स या तिघांकडे देशातली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं जातात.

पहिल्या वर्षी मी मेटफॉर्मिनला, म्हणजे मधुमेहाच्या गोळीला, ऐटीत इन्शुरन्सचं कार्ड दाखवलं, दहा डॉलर गेले. मागच्या बाईंनी तीच गोळी रोखीने चार डॉलरला नेली! असं स्वस्त पडतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, अशी अट पूर्वी दुकानदारांच्या करारातच असायची. २०१८ मध्ये इथल्या केंद्र सरकारने त्यावर बंदी आणली. पण आपणहून सांगतंय कोण? काउंटरवर विचारायचं, "कार्ड न लावता किती?" फक्त रोखीचे पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायच्या रकमेत, धरत नाहीत.

अर्कान्सा या बाबतीत भांडखोर राज्य. दुकानाला खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे द्यायचे नाहीत, असा कायदा यांनी २०१५ मध्ये केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात ८-० ने जिंकलाही. तोटा होत असेल तर दुकानदार औषध नाकारू शकतो, हेही त्यातच. तेव्हा एखाद्याने नाही म्हटलं तर घाबरू नका, दुसरं दुकान बघा. पीबीएमने स्वतःची दुकानं चालवू नयेत, हा २०२५ चा कायदा मात्र जुलैत फेडरल न्यायाधीशांनी अडवला.

तरी राज्याचा प्रत्येक नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. मोठ्या कंपन्या बहुधा उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात, इन्शुरन्स कंपनी नुसता कारभार बघते. अशा प्लॅनला १९७४ चा केंद्राचा एरिसा कायदा लागतो, आणि राज्याचे बरेच नियम दारातच थांबतात. म्हणून एचआरला स्पष्ट विचारा: प्लॅन सेल्फ-फंडेड (खर्च कंपनीचा) की फुली इन्शुअर्ड (खर्च इन्शुरन्स कंपनीचा)? पीबीएम कोण? सोबत फॉर्म्युलरी, म्हणजे औषधांची यादी, मागून घ्या. तीत थायरोनॉर्म हे आपल्याकडचं ब्रँडचं नाव शोधत बसू नका, लेव्होथायरॉक्सिन हे मूळ औषधाचं नाव शोधा.