मार्ग मागू नका, तुटलेला दुवा मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन क्लब मिळून महिन्याचं बातमीपत्र काढायचंय, त्यात झालेल्या राइड्स, पुढचे कार्यक्रम आणि सायकल मार्गांची मागणी असेल, पण आतापर्यंत दोन निवेदनं दिली, एक रॅली काढली, तीनशे जण आले, फोटो झकास निघाले आणि पुढे ढिम्म काही हललं नाही. चुकलं कुठे?

रॅलीत काही चुकलं नाही. निवेदनात चुकलं. तुम्ही त्यातलं मुख्य वाक्य दिलंय: ‘शहरातील सर्व प्रमुख रस्त्यांवर सुरक्षित सायकल मार्ग उभारण्यात यावेत.’ आता हे वाचून समोरच्या अधिकाऱ्याने उद्या सकाळी नेमकं काय करायचं? कुठली फाइल उघडायची, कुणाला फोन लावायचा? या वाक्याने काहीच सुरू होत नाही. म्हणून तो शिक्का मारून पोच देतो आणि आपण पोच घेऊन खुशीत घरी येतो. माझ्याकडे अशा पोचांची एक जाडजूड फाइल आहे, हवी तर पाठवतो.

आमच्या गटाचं पहिलं खरं काम झालं ते गटाराच्या जाळ्यांचं. पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर, मधली फट दोन बोटांची. रोड बाइकचं 25 मिमीचं टायर त्यात सरळ उतरतं. चाक अडकतं, सायकल जागच्या जागी थांबते, माणूस थांबत नाही. आमच्यातला एक जण असाच हँडलवरून पुढे फेकला गेला आणि कॉलरबोन मोडून घेऊन आला. त्याआधी ‘रस्त्यांची दुरवस्था’ या विषयावर आमची तीन पत्रं गेली होती. मग आम्ही पत्रं थांबवली आणि दोन शनिवार चालत फिरलो. प्रत्येक जाळीवर मोजपट्टी आडवी ठेवून फोटो, आणि शेजारच्या खांबाचा नंबर. 41 जाळ्या निघाल्या. त्यातल्या 36 चौकोनी, म्हणजे उचलून काटकोनात फिरवून ठेवल्या की काम फत्ते. उरलेल्या पाचांवर आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या. यादी घेऊन गेलो तर तिथला कनिष्ठ अभियंता म्हणतो, ‘अहो, हे आधी का नाही सांगितलंत?’ तीन पत्रं त्याच्याच टेबलावरून गेली होती! पण त्याचं खरंच होतं. आम्ही सांगितलंच नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की ‘आपल्याला नेदरलँड्ससारखं हवं’. हवंच. पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. ज्याची स्वतःची मुलगी अशी गेली होती त्या पत्रकाराने, फिक लांगेनहॉफ त्याचं नाव, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, पोरांना मधोमध खेळायला सोडलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतरचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरकारने टिलबुर्ग आणि द हेग या दोन शहरांत एकेक नमुन्याचा सायकल मार्ग बांधून पाहिला. रुंद, वेगळा, देखणा, भरपूर खर्च करून. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. पण त्यातल्या बऱ्याचशा शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे सरकलेल्या. शहरातली एकूण सायकल काही म्हणावी तशी वाढली नाही. मग डेल्फ्ट या तिथल्याच दुसऱ्या शहराने वेगळा रस्ता धरला. 1979 च्या आराखड्यात त्यांनी एका शोभेच्या मार्गाऐवजी अख्खं जाळं डोळ्यांपुढे ठेवलं आणि त्यातले तुटलेले दुवे शोधले. कुठे कालव्यावर छोटा पूल, कुठे रुळांखालून बोगदा, कुठे एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जाण्याची मुभा. ऐंशीच्या दशकात हे टप्प्याटप्प्याने झालं आणि तिथे सायकलने होणाऱ्या फेऱ्या खरोखर वाढल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मार्ग मागू नका, तुटलेला दुवा मागा. तुमच्या भागात लोक आजही सायकल चालवतच असतात. रविवारी पहाटे हेल्मेट-जर्सीत निघणारे आपण नव्हे. शाळेची पोरं, कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधून कामावर निघालेला माणूस, पिशव्या लटकवून बाजारातून परतणाऱ्या बाई. ते कुठून येतात, कुठे अडतात, कुठे उतरून सायकल हातात धरून चालतात, ती जागा म्हणजे तुटलेला दुवा. आपल्याला ती दिसत नाही, कारण आपण साडेपाचला रिकाम्या रस्त्याने जातो. (हे मला कळायला सहा वर्षं लागली.)

दुवा शोधायला मोजणी करावी लागते. दोन माणसं, एक चौक, कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. पाटीला लावलेला कागद आणि पेन्सिल, पाच-पाचचे गठ्ठे करत रेघा मारायच्या. नुसती संख्या मोजू नका. दिशा लिहा, बायका किती, मुलं किती, फुटपाथवर चढून गेले किती आणि उलट दिशेने आले किती. बायका-मुलांचा आकडा फार बोलका असतो. जिथे धोका वाटतो तिथून ती आधी गायब होतात, आणि मग उरलेल्या धाडसी पुरुषांकडे बोट दाखवून ‘इथे सायकली चालतात की!’ असं म्हटलं जातं.

आणि उलट दिशेने येणाऱ्यांवर चिडू नका. निदान मोजेपर्यंत तरी नको. आमच्या एका चौकात तासाला चाळीसेक जण उलटे येत होते. क्लबातले लोक त्यांना शिस्त लावायला फलक घेऊन उभे राहायच्या बेतात होते. त्यातल्या दहा जणांना थांबवून विचारलं तर नियमाप्रमाणे पलीकडे जाऊन यायचं म्हणजे पाऊण किलोमीटरचा वळसा आणि दुभाजकात दोनदा जीव मुठीत धरून ओलांडणं. दुभाजकात सायकल मावेल एवढी फट आणि मध्ये थांबायला जागा, एवढीच मागणी आम्ही केली. मंजुरीला आठ महिने लागले, कामाला चार दिवस.

चौकावर जरा जास्त बोलतो, कारण सगळे रस्त्याकडेच्या सायकल पट्ट्याच्या मागे लागतात आणि गडबड होते चौकात. सरळ रस्त्यावर छान वेगळा मार्ग आणि चौकाच्या वीस मीटर आधी तो हवेत विरतो, हे प्रत्येकाने पाहिलेलं असेल. वळणारं मोठं वाहन आणि त्याच्या कुशीत सरळ निघालेला सायकलवाला, चालकाच्या आरशात तो दिसतच नाही. यावर उपाय तसे साधे आहेत. कोपऱ्याची गोलाई कमी केली की वाहनाला वेग कमी करावाच लागतो. थांबारेषा सायकलसाठी काही मीटर पुढे घेतली, किंवा सिग्नलला सायकलला काही सेकंद आधी सोडलं, तर ती समोर नजरेत राहते. आणि वेग. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 30 ऐवजी 50 म्हटलं की ती पावणेतीन पटींहून जास्त होते. हा एक हिशोब पत्रात घाला, बाकी भावनिक परिच्छेद काढून टाकले तरी चालतील.

फक्त रंगवलेला पट्टा देतो म्हणाले तर? घाईने हो म्हणू नका. उभ्या मोटारींना घासून जाणारा पट्टा म्हणजे उघडणाऱ्या दारांची रांग. दार सुमारे मीटरभर बाहेर येतं आणि आपला पट्टा नेमका त्याच मीटरमध्ये असतो. उंचवटा, खांब किंवा निदान मोकळी पट्टी मध्ये हवी. त्यावर एकमत होत नसेल, पार्किंग जाईल म्हणून दुकानदारांचा विरोध असेल, तर एका दिवसाचा प्रयोग सुचवा: शंकू लावून मार्ग आखायचा, मोजायचं, संध्याकाळी उचलायचं. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथला सिक्लोव्हिया हा उपक्रम 1974 च्या डिसेंबरमध्ये असाच थोड्या रस्त्यांवर सुरू झाला. आज तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात.

आता कार्यक्रम. रॅली सोडू नका, पण ती मागणीला जोडा. 3 जून हा संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये जाहीर केलेला जागतिक सायकल दिन. त्या दिवशी अधिकारी फोटोसाठी येतातच, तेव्हा त्यांना व्यासपीठावर न बसवता सायकलवर बसवून त्या एका चौकातून न्या. मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी रस्त्यावर गेलेल्या सायकलस्वारांसाठी अनेक देशांत मूक राइड निघते, 2003 साली डॅलसमधून सुरू झालेली. घोषणा नाहीत, वेग कमी, सगळे गप्प. आमच्या अनुभवात तीनशेच्या रॅलीपेक्षा साठ जणांच्या त्या शांततेने जास्त दारं उघडली. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सायकलस्वारांनी जथ्याने रस्त्यावर उतरायची क्रिटिकल मास, जी 1992 पासून सॅन फ्रान्सिस्कोतून जगभर पसरली, तिच्याबद्दल माझं मत तितकंसं चांगलं नाही. चौक अडवून धरले की घरी निघालेला बसमधला माणूस आपल्यावरच वैतागतो, आणि तो आपल्या बाजूला हवा आहे.

बातमीपत्रात राइडची सूचना कशी लिहावी हे ब्रेव्हेकडून, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडकडून, शिका. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. जगात कुठेही जा, मुदत तीच, क्रमांक कुणालाच नाही. येणाऱ्याला आपल्याला झेपेल का ते घरीच कळतं. तुमच्या सूचनेत अंतर आणि ‘धमाल करूया’ एवढंच आहे. एकूण चढ किती, सरासरी वेग काय, कुठे थांबून सगळे एकत्र येणार, सर्वांत मागे कोण असणार, परतायला अंधार होणार का, हे लिहा. ‘कुणालाही मागे सोडणार नाही’ असं छापून पहिल्याच चढाला पसार होणारे क्लब मी पाहिलेत. तो मागे राहिलेला माणूस पुन्हा कधी येत नाही, आणि तुमच्या मागणीवर सहीही करत नाही.

अपघाताच्या बातम्या छापणार असाल तर मथळा दोनदा वाचा. ‘मोटारीची धडक बसून सायकलस्वाराचा मृत्यू’ यात चालक कुठेच नाही, जणू मोटार एकटीच हिंडत होती. ‘मोटारचालकाने मागून धडक दिली’ असं लिहा, तेवढं नक्की ठाऊक असेल तरच. खाली जागेचं वर्णन द्या: दिवे होते का, रुंदी किती, तिथे आधी काही घडलंय का. ‘हेल्मेट नव्हते’ ही शेवटची ओळ वाचक बरोबर लक्षात ठेवतो आणि बाकी विसरतो.

पहिल्या अंकासाठी एकच चौक निवडा. मोजणी मंगळवारी किंवा बुधवारी करा, सोमवार-शुक्रवार टाळा, परीक्षा आणि सुट्या बघून घ्या. पाऊस आला तर रद्द करू नका, कागदावर ‘पाऊस’ लिहून वेगळा ठेवा. तक्त्याचा नमुना मागाल तर देतो, पण आमच्या नमुन्यात फुटपाथचा रकाना नाहीये, तो तेवढा आखून घ्या.