गांडूळ खत विकायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी कळव्याला राहते, घरामागे पत्र्याची शेड रिकामी पडलीय. गांडूळ खत करून विकावं म्हणते, पण घरचे म्हणतात वास सुटेल. काय करू?

उत्तर: ताई, जरूर करा. वास सुटतो तो ओला कचरा तसाच ढकलला की. भाजीचा पाला, सुका पालापाचोळा नि तबेल्यातलं शेण एकत्र करून आधी १५-२० दिवस कुजू द्या, कारण ताज्या शेणाची गरमी गांडुळांना सोसत नाही, ढिगात हात घातल्यावर गार लागलं की मगच सोडा. गांडुळांची जात आयसेनिया फेटिडाच घ्या, म्हणजे वरच्या थरात राहून कचरा खाणारी लाल गांडुळं, शेतातली खोल जाणारी गांडुळं या कामाची नाहीत. मूठभर माल दाबून बघा, बोटं ओली व्हायला हवीत पण पाणी ठिबकायला नको. लिंबाच्या साली, तेलकट उरलंसुरलं अजिबात टाकू नका. आपल्याकडचा पाऊस बघता बेड, म्हणजे गांडुळांचा वाफा, जमिनीपासून उचलून घ्या नि पाणी निघायला वाट ठेवा, मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हा बेडवर ओलं गोणपाट हवंच.

साधारण दोन महिन्यांत खत चहापत्तीसारखं मोकळं दिसायला लागतं. मग ३-४ दिवस पाणी बंद, गांडुळं खाली जातात, वरचं काढून चाळायचं. गिऱ्हाईक म्हणाल तर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधले बाल्कनीत कुंड्या लावणारे लोक आणि नर्सरीवाले. मात्र गांडूळ खत हे ‘खत नियंत्रण आदेश १९८५’ या सरकारी नियमात येतं, त्यामुळे पिशव्या छापायच्या आधी कृषी विभागात परवान्याचं विचारून घ्या.